दोन मिलिमीटर जाडीचा पुरावा

चाळीसगावहून पाटण्याला लोक देवीसाठी जातात, पावसाळा असेल तर केदारकुंडाचा धबधबा बघायला जातात, आणि ज्यांना गणिताचा नाद आहे ते भास्कराचार्यांसाठी जातात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून इथे मठ काढला. त्याबद्दलचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. शहामृगासाठी पाटण्याला गेलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. वाटेवरच्या टपरीवर चहा घेताना मी विषय काढला, तर चहावाले काका आधी हसले, मग बाकड्यावरच्या मंडळींकडे बघत म्हणाले, "आठे? इतलं मोठं पाखरू?"

शंका रास्त आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा उतार, खाली गिरणेच्या खोऱ्याकडे पसरलेला खानदेश, कापूस, केळी, मका. या चित्रात अडीच मीटर उंचीचा, दोन बोटांच्या पायांचा, ताशी ७० किलोमीटर वेगाने पळणारा पक्षी कुठे बसवायचा? आपण शहामृग बघितला तो प्राणिसंग्रहालयात, नाहीतर आफ्रिकेवरच्या माहितीपटात. तरीही या गावच्या मातीतून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले आहेत, त्यातल्या एकावर माणसाच्या हाताने कोरलेली नक्षी आहे, आणि जगभरच्या प्रागैतिहासिक कलेच्या चर्चेत 'पाटणे' हे नाव त्या एका तुकड्यामुळे पोचलेलं आहे. गावात त्याची पाटी नाही. धबधब्याची आहे.

उत्खनन झालं १९७२-७३ मध्ये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी ते केलं. साळींचं नाव पुढे दायमाबादच्या उत्खननामुळे सर्वतोमुखी झालं, पण माझ्या मते त्यांचं जास्त अवघड काम पाटण्याचं. दायमाबादला घरं होती, भांडी होती, ब्राँझ होतं. पाटण्याला होते ते फक्त दगड आणि गाळ. एकावर एक साचलेल्या थरांमध्ये मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतची हत्यारं सलग सापडत गेली. खाली जाडजूड छिलके, वर येता येता लांब सडपातळ पाती, आणि सगळ्यात वर नखाएवढी सूक्ष्मास्त्रं. दगड कॅल्सेडनी आणि जॅस्पर. बदलत गेला तो हात. महाराष्ट्रातल्या उत्तर पुराश्मयुगाचा आणि मध्याश्मयुगाचा साळींनी जो ग्रंथ लिहिला, तो डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा कणा म्हणजे हे पाटण्याचे थर. उत्तर पुराश्मयुगाच्या थरांत ती कवचं मिळाली.

तुकडा म्हणजे किती? बोटाच्या पेरावर मावेल एवढा. मळकट पिवळसर, किंचित बाक असलेला, बाहेरून गुळगुळीत, जवळ नेऊन पाहिला तर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. न सांगता हातात दिला तर बहुतेक जण त्याला शिंपला किंवा फुटक्या चिनी मातीच्या बशीचा कपचा म्हणतील. त्याची ओळख पटवायची पहिली खूण जाडी. कोंबडीच्या अंड्याचं कवच मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतं. शहामृगाचं सुमारे २ मिलिमीटर. ते अंडं जवळजवळ १५ सेंटिमीटर लांब, दीडएक किलो वजनाचं, आणि त्यात कोंबडीची दोन डझन अंडी मावतील एवढा ऐवज. सारस, माळढोक, मोर, गिधाड, भारतातला आजचा कुठलाही पक्षी घ्या, त्याचं कवच या जाडीच्या जवळपासही जात नाही.

भारतात जाड कवचाचा आणखी एक धनी आहे, तो म्हणजे डायनोसॉर. जबलपूरपासून आपल्या चंद्रपूर-नागपूरकडच्या पट्ट्यापर्यंत डायनोसॉरची अंडी सापडतात, त्यामुळे शंका घ्यायलाच हवी. ती फिटते सूक्ष्मदर्शकाखाली. कवचाचा आडवा छेद घेतला की कॅल्साइटच्या स्फटिकांची रचना दिसते. आतल्या बाजूला बोंडांसारखा एक थर, त्यावर उभ्या खांबांसारखा दाट थर, आणि त्यातून आरपार जाणारी श्वासाची छिद्रं. स्फटिकांची मांडणी आणि छिद्रांची ठेवण गटागटाप्रमाणे बदलते. पंजाब विद्यापीठातले अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या तुकड्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे काम केलं. साहनी स्वतः डायनोसॉरच्या अंड्यांचे जाणकार, म्हणून त्यांनी 'हे शहामृगच' म्हणणं वजनाचं. 'कुणाचं' हा प्रश्न तिथे मिटला.

इथेच एक फाटा बाजूला काढून ठेवतो. शिवालिकच्या टेकड्यांत शहामृगाची हाडं एकोणिसाव्या शतकातच सापडली होती, आणि त्या पक्ष्याला 'आशियाई शहामृग' अशा अर्थाचं शास्त्रीय नावही मिळालं. पण ती गोष्ट लाखो वर्षं जुनी आहे. पाटण्याची अंडी कालपरवाची म्हणावीत इतका तो काळ दूर. दोन्ही एका दमात सांगून 'शहामृग भारतात अनादि काळापासून' असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मधल्या प्रचंड काळात तो इथे सलग होता असं त्यातून सिद्ध होत नाही.

आता 'कधी'. पाटण्याच्या कवचाचं कार्बन-१४ मापन नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत झालं. उत्तर आलं आजपूर्वी २५,००० वर्षं, अधिक-उणे २००. हा आकडा पुढे प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक बातमीत गेला, आणि जाताना त्याचं मूळ बिरूद गळून पडलं. कार्बन-१४ची 'वर्षं' कॅलेंडरची वर्षं नसतात, कारण हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण काळानुसार बदलत आलेलं आहे. झाडांची वर्तुळं, तळ्यांतले गाळाचे थर, गुहांतले चुनखडीचे थर यांच्या आधारे ते दुरुस्त करावं लागतं. तशी दुरुस्ती केली की पाटण्याचे २५,००० सरकून २९,०००च्या आसपास जातात. चार हजार वर्षांचा फरक! एवढ्या काळात आपला सगळा लिखित इतिहास बसतो.

या मापनात खोच आणखी एक आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कार्बन-१४ सांगतो तो अंडं घातल्याचा काळ. ते अंडं माणसाने कधी उचललं, कधी फोडलं, कधी कोरलं, याबद्दल तो गप्प असतो. लाकडाच्या कोळशाच्या बाबतीत ही अडचण सौम्य असते, कारण माणसं साधारण आपल्या आसपासचं लाकूड जाळतात. कवचाचं तसं नाही. ते वाळूत पडून हजारो वर्षं टिकतं आणि पुन्हा उघडं पडतं. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात हाच पेच पडला. तिथल्या माणसांनी वापरलेली शहामृगाची कवचं ताजी की वाळवंटात सापडलेली जुनी, यावर अजून खल चालतो. आजच्या मुलांना नदीत गारगोट्या सापडतात तशी त्या काळच्या एखाद्या मुलीला जुनी, वाऱ्याने उघडी पडलेली कवचं सापडली असणं अगदी शक्य आहे. पाटण्याच्या बाबतीत दिलासा एवढाच की त्या थरातली हत्यारं आणि कवचाचं वय एकमेकांशी भांडत नाहीत.

'सगळी कवचंच का? हाडं कुठे आहेत?' हा आक्षेप ऐकला की मला त्यात वकिली वास येतो, पण उत्तर द्यावंच लागतं. एका मादीचा आयुष्यभराचा हिशोब मांडा. सांगाडा एकच, अंडी मात्र दरवर्षी. शहामृगाच्या एकाच घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात, त्यामुळे वीसेक अंड्यांचा ढीग एका जागी होतो. त्यातली काही उबतात, काही तरस-कोल्ह्यांच्या तोंडी जातात, काही तशीच सडतात. प्रत्येक अंडं फुटलं की शेकडो तुकडे. हाडाला कुरतडणारे असतात, उन्हापावसात ते भुगा होतं. दोन मिलिमीटरचा कॅल्साइट चुनखडीयुक्त गाळात पडला तर तो कुणी खात नाही आणि तो सहज विरघळतही नाही. तुकड्यांची संख्या आणि टिकाऊपणा, दोन्ही कवचाच्या बाजूने.

मग पुढचा आक्षेप, की ही अंडी कुणी दुरून आणली असतील. शंख नाही का समुद्रापासून शेकडो मैल आत सापडत? हा आक्षेप मात्र तगडा आहे. एकट्या पाटण्यावर त्याला उत्तर देता आलं नसतं. उत्तर देतो तो नकाशा. राजस्थानात कोट्याजवळचं चंद्रेसाल, माळव्यात नागदा, भोपाळच्या दक्षिणेला भीमबेटका, आणि पाटणे. राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात मिळून अशी चाळीसेक ठिकाणं नोंदली गेली आहेत. विष्णु श्रीधर वाकणकर आणि त्यांच्या परंपरेतले गिरिराज कुमार यांनी त्यातली कितीतरी पायी फिरून हुडकली. शिवाय अनेक ठिकाणी हे तुकडे नदीने कापलेल्या काठांत, नुसत्या गाळात मिळतात. न कोरलेले, न भोक पाडलेले. व्यापाराचा किंवा नवलाईचा माल असा रानोमाळ विखुरत नाही. चंबळच्या खोऱ्यात आणि माळव्यात शहामृग नांदत होता, याबद्दल मला शंका उरलेली नाही. खानदेशात? पाटणे त्या नकाशाच्या दक्षिण टोकाला आहे. तिथे मी 'बहुधा' हा शब्द अजून सोडायला तयार नाही.

आता नक्षी. इथे थोडं रेंगाळतो, कारण या विषयातली सगळ्यात शहाणी झटापट इथेच झाली.

१९७० आणि ८०च्या दशकांत मध्य भारतातून कवचांवर 'कोरीवकाम' असल्याच्या नोंदी धडाधड येऊ लागल्या. आडव्या-उभ्या रेघा, जाळी, नागमोडी वळणं. भीमबेटक्याची चित्रं नुकतीच जगापुढे आली होती, आणि भारतातल्या हिमयुगीन माणसाची कला हातात असावी ही भूक सगळ्यांनाच होती. मग ऑस्ट्रेलियातले शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी त्या तुकड्यांचा संचच्या संच सूक्ष्मदर्शकाखाली घातला. त्यांना दिसलेल्या खाचांचा तळ टोकदार दगडाने ओढल्यासारखा नव्हता. तो गोलसर, खाल्ल्यासारखा होता. खाचा मध्येच फुटत, पुन्हा जुळत, कवचाच्या कडेवरून वळून तुटलेल्या बाजूवरही चालत जात. म्हणजे कवच फुटल्यानंतरची ती रेघ. कलाकार कोण, तर झाडांची मुळं. मुळांच्या केसांभोवती राहणारी बुरशी आणि सूक्ष्मजीव आम्लं सोडतात, आम्ल कॅल्साइट खातं, आणि मुळाच्या मार्गाचा ठसा कवचावर उमटतो. 'कोरीव' म्हणून मिरवलेल्या जवळपास सगळ्या तुकड्यांचा असा निकाल लागला.

पाटण्याचा तुकडा त्यातून वाचला. त्यावर समांतर रेघांच्या चौकटीत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांचे पट्टे आहेत. रेघांचा छेद व्ही आकाराचा, हत्याराने ओढल्याचा. एक रेघ दुसरीला कुठे कापते हे बघून कुठली आधीची आणि कुठली नंतरची तेही ताडता येतं. मुळं इतकी शिस्तीत वागत नाहीत. बेडनारिक स्वभावाने खंडन करणारे. त्यांनी हा एक तुकडा मान्य केला याला मी शंभर कौतुकांपेक्षा जास्त किंमत देतो.

मान्यता मिळाली तसे पाटण्याच्या तुकड्यावर ओझी लादली जाऊ लागली. केंब्रिजचे पॉल मेलर्स यांनी २००६ मध्ये आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आधुनिक मानवाच्या प्रवासाची मांडणी करताना पाटण्याच्या जाळीदार नक्षीची दक्षिण आफ्रिकेतल्या कोरीव वस्तूंशी तुलना केली. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफच्या गुहेतून सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीची कोरीव शहामृग-कवचं प्रसिद्ध झाली, त्यांत पाणी भरून ठेवायच्या अंड्यांच्या तोंडाचे तुकडेही होते, आणि ही तुलना आणखी मोहक झाली. मला ती पटत नाही. डीपक्लूफ आणि पाटणे यांच्यात तीस हजार वर्षं आणि एक महासागर आहे. तिरप्या रेघांची जाळी ही माणसाच्या हाताला सहज सुचणारी गोष्ट. ती गोधडीत आहे, चटईत आहे, कंटाळलेल्या विद्यार्थ्याच्या वहीच्या समासात आहे. एकाच तुकड्यावरून घराण्याचा वंशवृक्ष काढू नये. मध्ये अरबस्तानात, इराणात, सिंधमध्ये तशाच नक्षीच्या कड्या सापडल्या तर मी मत बदलेन.

मण्यांची गोष्ट तुलनेने साधी. पाटण्याला कवचाचे मणी मिळाले आहेत. भीमबेटक्याच्या एका निवाऱ्यात वाकणकरांना पुरलेल्या माणसाच्या गळ्यापाशी दोन मणी मिळाले. करायची रीत जगभर जवळपास एकच: तुकडा दातांनी किंवा दगडाने अंदाजे गोल करायचा, मधोमध गारगोटीच्या टोकाने दोन्ही बाजूंनी फिरवत भोक पाडायचं, मग सगळे मणी दोऱ्यात ओवून ती माळ खरखरीत दगडाच्या खाचेत घासायची, म्हणजे सगळ्यांच्या कडा एकदम सारख्या होतात. पूर्व आफ्रिकेत ही कला चाळीस-पन्नास हजार वर्षं जुनी आहे. तिथल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दीड हजारांहून अधिक मण्यांची मापं घेऊन २०२२ मध्ये काही अभ्यासकांनी दाखवलं की पन्नास हजार वर्षांपूर्वी एकाच धाटणीचे मणी हजारो किलोमीटरच्या टापूत चालत होते. भारतातले मणी अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांच्याकडून असलं बोलणं वदवून घ्यायचं तर आधी आणखी मणी सापडायला हवेत, आणि त्यासाठी उत्खननात माती बारीक जाळीतून चाळायला हवी. सहा-सात मिलिमीटरचा मणी कुदळीला दिसत नाही.

२०१७ मध्ये या सगळ्याला बातमीचा उजेड मिळाला. रुरकीची आयआयटी आणि हैदराबादची सीसीएमबी इथल्या शास्त्रज्ञांनी, गिरिराज कुमार यांच्यासह, राजस्थान-मध्य प्रदेशातल्या कवचांतून प्राचीन डीएनए मिळवल्याचं 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. उष्ण प्रदेशात पंचवीस हजार वर्षं डीएनए टिकणं म्हणजे नवलच, पण कवच हे त्यासाठी हाडापेक्षा भरवशाचं भांडं असतं. मादागास्करच्या नामशेष हत्तीपक्ष्याच्या कवचातूनही २०१० मध्ये डीएनए मिळालेलाच होता. भारतीय नमुन्यांतला मायटोकाँड्रियाचा एक छोटा तुकडा आजच्या आफ्रिकी शहामृगाशी सुमारे ९२ टक्के जुळला. एवढ्यावरून तो शहामृगकुळातलाच, हे स्वतंत्रपणे पक्कं झालं. तो आफ्रिकी शहामृगाचीच उपजात होता की वेगळी जात, हे सांगायला तेवढा तुकडा तोकडा आहे.

वर्तमानपत्रांनी त्यातून गोंडवनाची कथा रंगवली. भारत आफ्रिकेपासून फुटून निघाला तेव्हा शहामृग त्यावर बसून आला, असा त्या मथळ्यांचा सूर. हे पटण्यासारखं नाही. भारताचा तुकडा आफ्रिकेपासून सुटला तो डायनोसॉरांच्या काळात. आजच्या शहामृगाच्या वंशाचे सगळ्यात जुने जीवाश्म नामिबियातले, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे. बस सुटून कित्येक कोटी वर्षं झाल्यावर प्रवासी जन्मला! शहामृग आला तो पायी, अरबस्तान आणि इराणच्या कोरड्या पट्ट्यातून. त्या वाटेवरचा त्याचा भाऊबंद, अरबी शहामृग, विसाव्या शतकातही अरबस्तानात पळत होता. मोटारी आणि बंदुका आल्यावर तो संपला. राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या कटोती इथे जेम्स ब्लिंकहॉर्न, हेमा अच्युतन आणि मायकेल पेट्राग्लिया यांना ६०,००० वर्षांहून जुन्या थरांत कवचं मिळाली. २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की थरचं वाळवंट हिरवं-कोरडं होत राहिलं तेव्हा त्या मोकळ्या पट्ट्यातून शहामृग आत आला, आणि त्याच वाटा माणसालाही सोयीच्या होत्या. मला ही मांडणी आवडते, कारण ती पक्ष्याच्या स्वभावातून निघते. शहामृगाला दूरवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. दाट जंगलात तो हतबल होतो.

साळींकडे परत येतो, कारण त्यांच्या कारकिर्दीत योगायोगाने दोन प्रकारचे पुरावे शेजारी येऊन बसले. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ आणि सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकूण वजन साठ किलोंच्या वर. साळींनी नंतर तिथे उत्खनन केलं. तो गेंडा इतका जिवंत आहे की आजचा अहमदनगरकर, अहिल्यानगरकर म्हणा, सहज म्हणेल की प्रवरेकाठी गेंडे होते. पण ब्राँझ हे प्रवास करतं. कारागिराने गेंडा सिंधच्या बाजूला पाहिला असेल, कुणी ओतीव मूर्ती आणली असेल. शिवाय त्या वस्तूंच्या काळाबद्दलच विद्वानांत वाद आहे. याउलट गुजरातेत मेहसाण्याजवळ लांघणजला ह. धी. सांकळियांच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. त्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या, माणसांनी ते ऐरणीसारखं वापरलं होतं. ते हाड दिसायला कुरूप आहे आणि कुठल्याही पोस्टरवर येणार नाही. उत्तर गुजरातच्या आजच्या रखरखीत मातीत गेंडा चरत होता हे सांगायला मात्र तेच उपयोगी. एखादा प्राणी एका जागी 'होता' असं म्हणताना मी चित्रापेक्षा हाडावर, आणि हाडापेक्षा न घडवलेल्या, टाकून दिलेल्या कचऱ्यावर जास्त भरवसा ठेवतो.

त्या कचऱ्यावरून दख्खन कसं दिसत होतं? गोदावरीच्या गाळात नांदूर-मध्यमेश्वरला सरळ सुळ्यांच्या महाकाय हत्तीचे अवशेष सापडल्याचं पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये नोंदवलं. मांजरेच्या खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म मिळतात. लातूरकरांना हे सांगितलं की टँकरचे विनोद ऐकावे लागतात. रानबैल होते, रानघोडे होते. पाणघोडा आणि शहामृग एकाच मुलखात कसे, असं वाटू शकतं, पण पूर्व आफ्रिकेत आजही तसंच आहे. नदीच्या डोहात एक, नदीपासून तासाभराच्या चालीवर गवतात दुसरा. हिमयुगाचा कडाका वाढत होता, समुद्राची पातळी पार शंभर मीटरांहून अधिक खाली जायच्या मार्गावर होती, नैर्ऋत्य मोसमी वारे क्षीण होत होते. घाटाच्या पर्जन्यछायेतली आजची माळरानं तेव्हा आणखी मोकळी, आणखी पसरलेली असणार.

मग तो गेला कसा? माणसाने अंडी खाऊन संपवला, हे उत्तर सोपं आहे आणि आजच्या अपराधी मनाला मानवतंही. एका अंड्यात एका कुटुंबाचं जेवण, वर रिकाम्या कवचाचं भांडं, फुटलं तर मणी. मोह होण्यासारखाच आहे. पण पुरावा तसा बोट दाखवत नाही. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये भारतीय उपखंडातल्या हिमयुगाच्या अखेरच्या प्राणिलोपाचा हिशोब मांडला. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या मानाने इथे फार थोडे मोठे प्राणी गेले, आणि माणूस आल्या आल्या गेले असंही नाही. माणूस आणि शहामृग इथे हजारो वर्षं एकत्र राहिले. शहामृग कमी संख्येने, विखुरलेला असेल, आणि पुढे पाऊस वाढून झाडी दाटली तेव्हा त्याची माळरानं बेटाबेटांत तुटली असतील. त्यात अंड्यांची लूट पुरेशी ठरली असेल. मी 'असेल' जाणूनबुजून लिहितो आहे.

हे सगळं वाचताना मला सारखा माळढोक आठवत राहिला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात आता एखादी मादी दिसली तर बातमी होते. तोही गवताळ रानाचा, तोही जमिनीवर अंडी घालणारा. पण तो वर्षाला सहसा एकच अंडं घालतो, त्याचं कवच पातळ, आणि त्याच्या कवचाचे मणी कुणी केले नाहीत. पाटण्याच्या पद्धतीने शोधायचं म्हटलं तर सोलापूरच्या मातीत त्याचा मागमूस लागणं कठीण. आपण पुराव्यावरून ज्यांना 'पूर्वीचे रहिवासी' म्हणतो ती यादी खऱ्या रहिवाशांची नसते. जाड कवचाच्या, मोठ्या हाडाच्या आणि माणसाला उपयोगी पडलेल्या प्राण्यांची ती यादी असते. हे लक्षात न घेता 'मूळचा कोण' यावर आज पोटतिडकीने बोललं जातं. २०२२ मध्ये नामिबियातून कुनोला चित्ते आणले तेव्हा ते उसने की आपले, यावर वाद झडले. ज्या चंबळ-माळव्याच्या टापूच्या आसपास हे घडलं, तिथेच शहामृगाची कवचं सर्वाधिक मिळतात. त्यामुळे उद्या शहामृगही 'घरी' आणायची टूम निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. तीस हजार वर्षांपूर्वीच्या घरपट्टीवर आज ताबा मागता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

पाटण्याबद्दलचा माझा 'बहुधा' घालवायला एक रस्ता आहे. पक्षी ज्या जमिनीवर चरतो तिथलं स्ट्रॉन्शियम गवत-पाण्यातून त्याच्या अंड्यात उतरतं, आणि कवचात टिकतं. दख्खनचा बेसाल्ट आणि अरवली-विंध्याचे जुने खडक यांच्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर ठळकपणे वेगळं असतं. बेसाल्टचं कमी, त्या जुन्या खडकांचं जास्त. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या लेसोथोच्या डोंगरात मिळालेले मणी शेकडो किलोमीटरवरून आले होते, हे २०२० मध्ये याच पद्धतीने कळलं. पाटण्याच्या तुकड्यावर ही चाचणी केली की अंडं घालणारी मादी काळ्या दगडाच्या मुलखात चरली होती की अरवली-विंध्याच्या जुन्या खडकांवर, याचा बराचसा उलगडा होईल. गाळातल्या चुन्याने कवच बिघडलेलं नाही ना हे आधी तपासावं लागेल, आणि शेजारच्या ओढ्यांतली माती, गोगलगाईंची टरफलं, गवत यांचेही नमुने तुलनेला घ्यावे लागतील. चाचणीसाठी कवचाचा थोडासा चुरा लागतो. तो कोऱ्या तुकड्यातून घ्यावा, नक्षीच्या नव्हे, आणि घेण्याआधी त्या तुकड्याचा थर, खोली आणि खड्ड्याचा क्रमांक साळींच्या नोंदींशी ताडून बघावा.